जोशी-अभ्यंकर हत्याकांड हेगडेपासून वाचायला घेतलं तर

जोशी-अभ्यंकर खून खटला, म्हणजे १९७६-७७ मधे पुण्यात चार कॉलेजच्या पोरांनी केलेल्या दहा खुनांची केस, माहीत नाही असा पुणेकर शोधूनच काढावा लागेल, निदान पन्नाशीच्या पुढचा तरी. पण त्यातला पहिला खून कोणाचा असं विचारलं की बहुतेक जण जोशींचंच नाव घेतात, कारण केसच्या नावातच ते पहिलं आहे. पहिला खून जोशींचा नव्हता. तो झाला प्रकाश हेगडेचा, १५ जानेवारी १९७६ ला, म्हणजे जोशींच्या बंगल्यावर हल्ला व्हायच्या साडेनऊ महिने आधी. आणि प्रकाश मारणाऱ्यांना अनोळखी नव्हता, त्यांचा क्लासमेट होता.

मला विचाराल तर अख्खी केस याच एका गोष्टीवर उभी आहे. बंगले, नायलॉनची दोरी, घाबरलेलं शहर हे सगळं खरंच, पण ते मधलं प्रकरण झालं. सुरुवात आणि शेवट दोन्ही मित्रांच्या वर्तुळात आहेत, पहिला बळी वर्गातला आणि शेवटचा बळी कॉलेजातल्या मित्राचा धाकटा भाऊ. एकूण दहा खून, त्यातले आठ दोन बंगल्यांत आणि दोन ओळखीतले. पोलिसांना केस उलगडली ती या दोन ओळखीतल्या खुनांमुळे, त्या आठांमुळे नाही.

आधी माणसं बघू. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघंही टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकत होते. कॉलेजात ग्रुपची ख्याती काही चांगली नव्हती, दारू, टू-व्हीलर चोऱ्या असलं चालू असायचं, पण असली टोळकी त्या काळात प्रत्येक कॉलेजात एखादं तरी असायचंच आणि त्यांच्याकडे बघून कोणी खुनी म्हणून बोट दाखवलं नसतं. जक्कल म्होरक्या. कर्वे रोडला त्याची एक पत्र्याची शेड होती आणि ग्रुपचा अड्डा तोच. ही शेड लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

प्रकाशच्या वडिलांचं कॉलेजच्या मागेच छोटं हॉटेल होतं, विश्व नावाचं. हॉटेलवाल्याचा मुलगा म्हणजे घरात पैसा असणार असा हिशोब यांनी केला, आता छोट्या हॉटेलच्या गल्ल्यात असा कितीसा पैसा असणार पण हिशोब तसा होता खरा. प्लॅन खंडणीचा. काहीतरी निमित्त सांगून प्रकाशला बरोबर घेतलं आणि शेडवर आणलं, तिथे त्यांचा अजून एक क्लासमेट हजर होता. प्रकाशला धमकावून त्याच्याच हाताने वडिलांना चिठ्ठी लिहायला लावली, की मी माझ्या मर्जीने घर सोडून जातोय. रात्री त्याच्या तोंडात बोळा कोंबून त्याला सारसबागेकडे, पेशवे पार्कच्या तळ्यावर नेलं. तिथे नायलॉनच्या दोरीने गळा आवळला, बॉडी लोखंडी पिंपात घातली, वर दगड भरले आणि पिंप पाण्यात ढकललं. खंडणीचं पत्र दुसऱ्या दिवशी धाडलं.

म्हणजे मुलगा आधीच मारलेला आणि पैसे नंतर मागितलेले. इथे जरा थांबून विचार करा. कितीतरी जण हे वाचून म्हणतात की क्रूरपणा, विकृती वगैरे, ते आहेच, पण त्याच्या आधी एक साधा व्यवहार आहे जो या पोरांना पहिल्या मिनिटापासून कळलेला असणार. अनोळखी माणसाला पळवलं तर पैसे घेऊन सोडता येतं. रोज बरोबर कँटीनला बसणाऱ्याला पळवलं तर सोडता येत नाही, कारण तो घरी गेल्या गेल्या चार नावं सांगेल. त्यामुळे ज्या क्षणी त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याने जाऊन प्रकाशला "चल रे" म्हटलं त्याच क्षणी त्याचं मरण ठरलं होतं, बाकी चिठ्ठी काय नि खंडणी काय. आणि पुढे बंगल्यांत हेच धोरण चालू राहिलं, ज्याने पाहिलं तो जिवंत राहता कामा नये, मग तो ऐंशी पार केलेला म्हातारा असो की घरकामाची बाई.

शिवाय ती दोन पत्रं एकमेकांशेजारी ठेवून बघा. एकात मुलगा आपल्या मर्जीने गेलाय, दुसऱ्यात त्याला कोणीतरी पळवलंय. दोन्ही एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. इतकी कच्ची आखणी होती ही. लोक नंतर या चौघांना मास्टरमाइंड वगैरे म्हणायला लागले ते मला कधीच पटलेलं नाही, ते हुशारीमुळे सुटत नव्हते. ते सुटत होते कारण बॉडी नव्हती, आणि ज्याला माहीत होतं तो गप्प होता.

पिंप कुठे होतं तेही डोळ्यासमोर आणा. गावाबाहेरचं जंगल नाही, खाणीतलं पाणी नाही. पेशवे पार्क! तळ्यातल्या गणपतीला लागून असलेली बाग, जिथे फुलराणी ही पोरांची छोटी आगगाडी धावायची आणि वाघ-सिंह बघायला अख्ख्या पुण्यातली पोरं रविवारी यायची. कॉलेजपासून चालत जाण्याएवढं अंतर. त्या तळ्याच्या तळाशी पिंप चौदा महिने पडून होतं आणि वरती बाग रोजच्यासारखी चालू होती.

आता तो पाचवा. तो चौघांत नव्हता पण शेडमधे होता, त्याला माहीत होतं की प्रकाश पळून गेलेला नाही, कुठे गेलाय तेही माहीत होतं. नंतर तोच माफीचा साक्षीदार झाला. त्याच्याबद्दल लिहिताना लोक दोन टोकं गाठतात, एक तर भित्रा म्हणून निकालात काढतात नाहीतर बिचारा म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं असं की दोन्ही एकदम डोक्यात ठेवावं लागतं. एक विशीतला पोरगा, ज्याने डोळ्यासमोर बघितलंय की हे लोक मित्राचं काय करतात, तो पोलिसात जाईल तर आधी त्यालाच विचारतील की तू तिथे काय करत होतास, आणि नाही अडकला तरी बाहेर हे चौघं आहेतच. भीती खोटी नव्हती. पण हेही तितकंच खरं की जानेवारी ७६ नंतर अजून नऊ माणसं मेली, आणि त्या नऊपैकी एकही मेलं नसतं जर कोणीतरी फेब्रुवारीत जाऊन सांगितलं असतं की पेशवे पार्कच्या तळ्यात गळ टाकून बघा. यातलं एक वाक्य लिहून दुसरं गाळता येत नाही.

मधला भाग मी भराभर सांगतो कारण तो सगळीकडे आहे आणि त्यातले तपशील चघळण्यात मला रसही नाही. ऑगस्टमधे हे कोल्हापूरला गेले, तिथे एका व्यापाऱ्यावर डोळा ठेवला, जमलं नाही, परत आले. ३१ ऑक्टोबर १९७६ ला रात्री विजयानगर कॉलनीत अच्युत जोशींचं घर. नवरा-बायको घरात, मुलगा नंतर आला, तिघांनाही मारलं. नेलं काय तर मंगळसूत्र, घड्याळ, काही हजार रुपये. २२ नोव्हेंबरला शंकरशेट रोडवरच्या एका बंगल्यात घुसायला गेले तर घरातल्या बाई आणि दोन नोकर असे काही भिडले की यांना काटेरी तारेच्या कुंपणावरून पळून जावं लागलं. हा प्रसंग फार कमी सांगितला जातो, का ते कळत नाही, कारण दारातच झटापट झाली की यांचं काही चालत नाही हे त्या रात्री दिसलं होतं.

त्यानंतर नवव्या दिवशी, १ डिसेंबरला, भांडारकर रोडवरचा 'स्मृती' बंगला. काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे संस्कृत व्याकरणातलं मोठं नाव, त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश आजही अभ्यासक वापरतात, वडील वासुदेवशास्त्रींनी पतंजलीच्या महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं आणि त्याला प्रस्तावनेचा अख्खा खंड काशिनाथशास्त्रींनी लिहिला. ते, त्यांच्या पत्नी, कॉलेजच्या वयाची नात, नातू आणि घरात कामाला असलेल्या सकूबाई, अशी पाच माणसं. हातपाय बांधलेले, तोंडात बोळे, गळ्याला नायलॉनची दोरी.

पुणं हादरलं म्हणजे काय तर संध्याकाळ झाली की रस्ते ओस, बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचं, अनोळखी आवाजाला दार उघडायचं नाही. रात्रीची गस्त वाढली. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र, बाहेरून आलेली कोणीतरी टोळी, सराईत दरोडेखोर. पोलिसांचाही प्रॉब्लेम हाच होता की मेलेल्यांचा आणि मारणाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. जोशींच्या नातेवाइकांत शोधा, अभ्यंकरांच्या ओळखीत शोधा, काही सापडणार नाही कारण तिथे काही नाहीच. लोक अनोळखी माणसाला घाबरून कड्या लावत होते आणि ज्यांना घाबरायचं ते टिळक रोडवर कटिंग पीत बसलेले.

मग यांनी स्वतःच तो संबंध पोलिसांच्या हातात दिला.

२३ मार्च १९७७. अनिल गोखले हा त्यांच्या कॉलेजमधल्या मित्राचा धाकटा भाऊ. अलका टॉकीजपाशी भेटायचं आणि जक्कलच्या मोटारसायकलवरून घरी जायचं असं ठरलेलं. दादाचा मित्र लिफ्ट देतोय, यात कोणाला काय शंका येणार. मोटारसायकल घरी गेली नाही, कर्वे रोडच्या शेडवर गेली. पुन्हा नायलॉनची दोरी. बॉडी लोखंडी शिडीला बांधली, दगड लावले आणि बंडगार्डनजवळ मुळा-मुठेत सोडली.

हे असं का केलं असेल? बंगल्यांवर पोलिसांची नजर होती, शंकरशेट रोडला मार खाऊन झालेला, त्यामुळे पुन्हा सोप्या वाटेला आले असं मला वाटतं. बंगल्यात शिरायचं तर दार उघडायला लावावं लागतं. मित्राच्या भावाला नुसतं "बस मागे" म्हणायचं. प्रकाशच्या वेळी जमलं होतं, कोणाला पत्ता लागला नव्हता, तर आताही जमेल. सगळी पद्धत तीच, शेड तीच, दोरी तीच, वजन लावून पाण्यात टाकणं तेच. फरक एकच, या वेळी पिंप नव्हतं. पिंपाने चौदा महिने जे झाकलं ते शिडीला एक दिवसही झाकता आलं नाही, २४ तारखेच्या संध्याकाळी येरवड्याजवळ बॉडी वर आली.

तारखा बघा गंमत म्हणून, गंमत हा शब्द बरोबर नाही पण असो. २१ मार्चला आणीबाणी उठली, २४ ला दिल्लीत मोरारजींचा शपथविधी, सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला, आणि त्याच दिवशी इथे नदीकाठी लोक जमलेले.

तपास एसीपी मधुसूदन हुल्याळकरांच्या टीमकडे होता. त्यांना पहिल्यांदा खटकली ती दोरी. नायलॉनची दोरी कोणीही आणेल, पण ती बांधायची पद्धत, गाठ मारायची पद्धत अभ्यंकरांकडे दिसलेली तीच होती. गाठ ही हाताची सवय असते, माणूस विचार करून मारत नाही. त्यामुळे एका तरुण मुलाचा एकटा खून आणि दोन बंगल्यांमधले आठ खून एका धाग्यात आले. पण खरा फायदा दुसराच झाला. अभ्यंकरांच्या केसमधे "शेवटचं कोणाबरोबर होते" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं, अनिलच्या केसमधे होतं. तो कोणाला भेटायला गेला? कोणाच्या गाडीवर येणार होता? हे घरच्यांना माहीत होतं. म्हणजे पहिल्यांदाच चौकशीला एक पत्ता मिळाला आणि तो पत्ता निघाला कॉलेजातल्या मित्रांचा.

चौघांना विचारलं कुठे होतात, काय करत होतात. चौघांची उत्तरं जुळेनात. दहा खून करणाऱ्या पोरांनी आपण त्या दिवसांत कुठे होतो एवढं एक नीट ठरवून ठेवलेलं नव्हतं! मी वर म्हटलं ना आखणी कच्ची, ते हेच. आणि मग पोलिसांनी केलं ते शहाणपणाचं, फक्त चौघांवर जोर न देता त्यांच्या आजूबाजूच्या मित्रांना धरलं. जो स्वतः खुनी नाही पण ज्याला काहीतरी माहीत आहे त्याच्याकडे हरण्यासारखं वेगळं असतं. मित्रांपैकी एकजण फुटला, मग शेडमधे हजर असलेला तो क्लासमेट बोलला, आणि पोलिसांना तोपर्यंत ज्याचा या केसशी काही संबंध आहे असं वाटलंच नव्हतं ते नाव वर आलं, प्रकाश हेगडे. तळ्यातून पिंप काढलं. आत अवशेष होते. ३० मार्चला अटक झाली, म्हणजे अनिलची बॉडी सापडल्यापासून आठवड्याच्या आत सगळं उलगडलं, जे चौदा महिने उलगडत नव्हतं.

रहस्यकथांत असं दाखवतात की जुन्या मित्रांपैकी एकाचं मन त्याला खातं, शेवटी असह्य होऊन तो सगळं सांगून टाकतो. इथे तसलं काही झालेलं नाही, पश्चात्तापाने कोणी पोलीस चौकीची पायरी चढलं नाही. विचारलं तेव्हा बोलले. आणि विचारलं गेलं कारण पाण्याने शिडी धरून ठेवली नाही.

कोर्टाचा भाग बऱ्याच जणांना कंटाळवाणा वाटतो पण या केसमधे तो बघण्यासारखा आहे, कारण मित्राची साक्ष कायद्यात कशी मोजतात ते इथे दिसतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली गुन्ह्यात सामील असलेल्याला किंवा ज्याला त्याची माहिती आहे अशाला कोर्ट माफी देऊ शकत होतं, अट अशी की त्याने सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं, स्वतःचा भाग लपवायचा नाही. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १३३ म्हणायचं की साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देता येते. पण त्याच कायद्याच्या कलम ११४ मधे कोर्टाला मुभा होती की साथीदार हा विश्वास ठेवण्यालायक नाही असं धरून चालता येईल, महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत. वरवर बघता दोन्ही कलमं भांडतायत असं वाटतं पण व्यवहारात अर्थ सोपा आहे, माफीचा साक्षीदार काय सांगतोय ते ऐका आणि मग त्याच्या बोलण्याबाहेर काहीतरी शोधा जे त्याच्याशी जुळतं. आपली कातडी वाचवायला माणूस मित्रांच्या गळ्यात काहीही बांधू शकतो, ही शंका कायद्याने आधीच घेऊन ठेवलीये.

या केसमधे तो दुजोरा तळ्याच्या तळाशी होता. पिंप, दगड, दोरी, ज्या जागी सांगितलं त्या जागी. चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट एखाद्याने मनाने रचली असती तर पिंप रचता आलं नसतं. म्हणून मी म्हणतो की हेगडेची केस नुसती पहिली नाही, बाकी सगळ्या केसला ताठ उभं करणारी आहे, कारण बंगल्यांतले साक्षीदार तर कोणी उरलेच नव्हते.

खटला १५ मे १९७८ ला सुरू झाला, चार महिन्यांच्या वर चालला, २८ सप्टेंबरला सेशन्स जज वामन नारायण बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. हायकोर्टाने ६ एप्रिल १९७९ ला शिक्षा कायम केली आणि १७ नोव्हेंबर १९८० ला सुप्रीम कोर्टाने अपिलाची परवानगी नाकारली. तोपर्यंत फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमधे द्यायची हा बच्चनसिंग निकाल येऊन सहा महिने झाले होते, आणि या केसला त्या चाळणीतून पडायला काहीच जागा नव्हती. दयेचा अर्जही नामंजूर झाला. मुनव्वर शाहने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं, पुष्कळ जण ते पुरावा असल्यासारखं वाचतात, मी म्हणेन फाशीची तारीख समोर दिसणाऱ्या माणसाने स्वतःबद्दल लिहिलेलं आहे एवढं ध्यानात ठेवून वाचा, विशेषतः जिथे जिथे पुढाकार दुसऱ्याचा होता असं येतं तिथे.

शेवटी एक कायद्याची बारीक गोष्ट राहते. फेब्रुवारी १९८३ मधे सुप्रीम कोर्टाच्या एका बेंचने, वेगळ्याच केसमधे, असं म्हटलं की फाशी सुनावल्यावर दोन वर्षांहून जास्त रखडलं तर कैदी जन्मठेप मागू शकतो. या चौघांचं तेव्हा साडेचार वर्षं रखडलेलं होतं. मार्चमधे दुसऱ्या बेंचने शेरसिंग केसमधे सांगितलं की असा दोन वर्षांचा ठोक नियम लावता येणार नाही, गुन्हा काय आहे आणि उशीर कोणामुळे झाला तेही बघावं लागेल. तो दरवाजा जेमतेम महिनाभर उघडा राहिला. १९८३ संपायच्या आत चौघांनाही येरवड्यात फाशी झाली.